डब्याचे कान

मामांच्या कपाटात सिगारचा एक लाकडी डबा होता. त्यात सिगार मी कधीच पाहिले नाहीत. फ्यूजच्या तारेची गुंडाळी, दोन-तीन जुन्या पावत्या आणि कुठल्या तरी कुलपाची किल्ली, एवढाच ऐवज. पण झाकण उघडलं की तंबाखूचा आणि लाकडाचा मिसळलेला गोडसर वास अजून यायचा. घर आवरताना तो डबा माझ्या वाट्याला आला, आणि वीसेक वर्षं नुसतं वाचून-ऐकून पोसलेलं एक वेड हातात उतरलं. त्या डब्याला दांडी आणि तीन तारा लावायच्या, आणि तो वाजवायचा.

सुतारकाम आठवड्यात झालं. पुढचं दीड वर्ष गेलं ते विजेच्या कामात. दीड वर्ष म्हटल्यावर वाचक हसतील, कारण सगळा ऐवज म्हणजे एक पिकअप, म्हणजे वाद्याचा कान, एक व्हॉल्यूम, एक जॅक आणि वीतभर वायर. पण त्या वीतभर वायरीत शंभर वर्षांचं एक भांडण अडकलंय, आणि मला सांगायचंय ते त्या भांडणाबद्दल.

डब्याची पूर्वपीठिका थोडक्यात उरकतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात सिगारवर कर बसला. कर भरल्याचा स्टॅम्प चिकटवता यावा म्हणून सिगार ठरावीक डब्यांत भरणं आलं, आणि तो डबा पुन्हा सिगारसाठी वापरायला कायद्याने बंदी आली. म्हणजे चांगल्या वाळलेल्या, पातळ फळ्यांचे लाखो डबे फुकटात घरोघरी. हे लाकूड बहुतेकदा ‘स्पॅनिश सीडर’. नाव देवदाराचं असलं तरी हे झाड महोगनीच्या कुळातलं, आणि आपल्याकडे सतारीला वापरतात तो तूनही त्याच कुळातला. तेव्हा पोरांनी त्या डब्यांना तारा लावल्या यात नवल नाही. एडविन फोर्ब्झ या चित्रकाराच्या १८७६च्या एका चित्रात छावणीतला सैनिक सिगारच्या डब्याचं फिडल वाजवताना दिसतो. पुढे दक्षिणेतल्या गरीब काळ्या वस्त्यांमध्ये हेच वाद्य ब्लूजची बालवाडी ठरलं. ब्लूज गायक लाइटनिंग हॉपकिन्सनेही सुरुवात अशाच डब्यावर केली.

आता वायरीकडे.

पुण्यात असलं सामान मिळतं ते बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत. तंबाखूच्या डब्याला कान घ्यायला तपकीर गल्लीत जायचं, हा मला उगाचच शुभशकुन वाटला. मी मागितली ती पायझोची चकती. पितळेची, २७ मिलिमीटर व्यासाची, मधे पांढऱ्या सिरॅमिकचा थर. गजर करणाऱ्या बझरमध्ये असते तीच. दुकानदाराने डब्याच्या आकाराकडे बघून विचारलं, “बॉम्ब बनवताय का काका?” मी गिटार म्हटल्यावर त्याला ते जास्त संशयास्पद वाटलं असावं.

या चकतीचा गुण ज्याक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८०मध्ये दाखवून दिला. काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो. घोडीखाली चकती बसवली की तार घोडीला हलवते, घोडी चकतीला दाबते आणि चकती वीज देते. पण ती फक्त तार ऐकत नाही. झाकणावर बोट आपटलं, बाही घासली, मांडीवर डबा सरकला, सगळं ऐकते. तिच्या दृष्टीने तार हा डब्याच्या अनेक आवाजांपैकी एक.

पहिल्या दोन चकत्या मी मारल्या. कथील धरेना म्हणून सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवून ठेवलं. सिरॅमिक एका मर्यादेपलीकडे तापलं की त्यातली विद्युतरचना विस्कटते आणि ते बहिरं होतं. त्या मर्यादेला क्यूरी तापमान म्हणतात, म्हणजे धडा शिकवायलाही पिएरच हजर. तिसरी जगली. जॅक बसवला, घरच्या स्टिरिओला जोडलं आणि तार छेडली. पत्र्यावर चमचा वाजवल्यासारखा आवाज आला.

इथे बरेच जण डब्याला दोष देतात. डबा निर्दोष असतो. पायझो चकती विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर असते, साधारण २० नॅनोफॅरडचा. स्टिरिओच्या लाइन इनपुटचा रोध साधारण १० हजार ओहम. या दोघांचा गुणाकार मांडला तर सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळायला लागतं. माझ्या तीन तारा मिळवलेल्या इंग्रजी नावांनी जी-डी-जी. आपल्या भाषेत सा-प-सा. त्यांची कंपनसंख्या अनुक्रमे ९८, १४७ आणि १९६. म्हणजे मूळ सूर तिन्ही गळाले, उरले वरचे स्वरांश. तीच चकती गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला लावली, जिथे इनपुट १० लाख ओहमचं असतं, तर ही गळती ८ हर्ट्झवर जाते आणि खर्ज परत येतो. अ‍ॅम्प नसेल तर एक फेट ट्रान्झिस्टर, दोन-तीन रोधक आणि नऊ व्होल्टची बॅटरी एवढ्यात काम भागतं. हे कळायला मला पाच महिने लागले. कारण मी ते वाचलं होतं, पण डब्यावर संशय घेणं सोपं होतं.

मग मोह झाला चुंबकी पिकअपचा. केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आत चुंबक. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज निर्माण होते. फॅरडेचा नियम, शाळेतलाच. याला डब्याशी काही देणंघेणं नाही. पितळेची किंवा नायलॉनची तार लावा, याला ऐकूच येत नाही. टेबलावर मूठ आपटा, हा ढिम्म. मात्र भिंतीतली वीज याला छान ऐकू येते. पहिल्या दिवशी जोडल्यावर घुमला तो ५० हर्ट्झचा गुंजारव. पांढरी पाचच्या खर्जाच्या अगदी जवळ, किंचित चढा. माझ्या खालच्या साच्या जवळजवळ एक सप्तक खाली महावितरणचा षड्ज. अमेरिकेतल्या वादकाला हे सुख नाही, कारण तिथली वीज ६० हर्ट्झची.

तारांना बोट लावलं की मात्र तो आवाज दबला पाहिजे. त्यासाठी तारा जिथे बांधल्या त्या पट्टीपासून एक वायर जॅकच्या ग्राउंडला जोडावी लागते. आपलं अंग अँटेनासारखं भिंतीतली वीज गोळा करत असतं, ते ग्राउंडला जोडलं गेलं की आवाज विरतो. मी ही वायर जोडली नव्हती. त्यामुळे तारेला हात लावला की गुंजारव वाढायचा. वाद्याला माझी ॲलर्जी असल्यासारखा.

या दोन कानांवरून बनवणाऱ्यांत वाद आहे. चकतीवाले म्हणतात, चुंबकी पिकअप लावलात तर डबा शोभेचा झाला, फळीवर तारा ताणल्या असत्या तरी तोच आवाज आला असता. चुंबकवाले म्हणतात, चकतीतून ऐकू येतं ते खोकं, त्याला संगीत म्हणवत नाही. या वादाचं मूळ शोधताना मला जॉर्ज बीचम भेटला, आणि त्याच्यापायी बाकीचं सगळं मागे पडलं.

आडनावाचं स्पेलिंग फ्रेंच, उच्चार ‘बीचम’, माणूस टेक्ससचा. व्हॉडव्हिलच्या तमाशांत हवाईयन गिटार वाजवायचा आणि एकाच गोष्टीने पछाडला होता. बँडमध्ये गिटार ऐकू जात नाही. ग्रामोफोनचा कर्णा गिटारला जोडून झाला, जमलं नाही. मग लॉस एंजेलिसमध्ये जॉन डोपेरा या कारागिरासोबत ॲल्युमिनियमच्या पातळ शंकूंची, धातूच्या अंगाची गिटार काढली आणि नॅशनल ही कंपनी उभी राहिली. पुढे दोघांचं फाटलं. १९२९मध्ये डोपेरा बाहेर पडला आणि भावांसह ‘डोब्रो’ काढून बसला. बीचमच्या डोक्यात तोवर वीज शिरली होती.

त्याने रात्रीच्या वर्गात इलेक्ट्रॉनिक्स शिकायला सुरुवात केली, आणि मग केलेला प्रयोग वाचून मी खुर्चीतून उठलो. दोन बाय चारचा लाकडी ओंडका, त्यावर ताणलेली एक तार, आणि ब्रन्सविक ग्रामोफोनमधून उपटलेला पिकअप. विजेवरच्या गिटारीच्या वंशावळीतला हा पूर्वज आणि दक्षिणेतल्या गरीब मुलांनी भिंतीला खिळे ठोकून ताणलेली एकतारी ‘डिडली बो’, यांत फरक फक्त त्या पिकअपचा. पुढे पॉल बार्थला हाताशी धरून घरच्या जेवणाच्या टेबलावर वेढे गुंडाळणं सुरू झालं. गुंडाळायला मोटर धुण्याच्या यंत्राची होती असं सांगतात. बार्थच्या आठवणीत ती शिवणयंत्राची. काहीही असो, घरातल्या एका यंत्राचा बळी गेला हे नक्की.

जमलेला पिकअप असा होता: नालाच्या आकाराचे दोन चुंबक तारांना वरून कवेत घेतात, तारा त्या कमानीतून जातात, आणि खाली वेढे. नॅशनलमधल्या हॅरी वॉटसनने त्याच्यासाठी मेपलच्या लाकडातून दांडी आणि छोटं गोल अंग एकसंध कोरलं. दिसायला थेट तळणीची कढई. नाव पडलं ‘फ्राइंग पॅन’. अंग छोटं, भरीव, मुद्दाम मुकं. गिटारीच्या पोकळीला शिट्टी मारायची सवय असते, तीच काढून टाकली. आधी अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर नॅशनलला धातूची अंगं बनवून द्यायचा. त्याच्याबरोबर नवी कंपनी निघाली आणि १९३२पासून ॲल्युमिनियमच्या कढया विकायला आल्या.

आणि मग पेटंट ऑफिस. बीचमने पहिला अर्ज केला १९३२मध्ये, दुसरा २ जून १९३४ला. अधिकाऱ्यांना कळेना की हे विजेचं यंत्र की वाद्य, आणि फाइल कुठल्या टेबलावर ठेवायची. त्यांना शंका होती की हे वाजतं तरी का. रिकनबॅकरच्या इतिहासात सांगतात त्याप्रमाणे शेवटी सोल होओपिई आणि आणखी काही वादक वॉशिंग्टनला पाठवले गेले आणि त्यांनी साहेबांसमोर वाजवून दाखवलं. सरकारी कचेरीत पुरावा म्हणून हवाईयन गिटार! पेटंट क्रमांक २०८९१७१, मंजूर १० ऑगस्ट १९३७. त्यातलं चित्र मी कित्येकदा पाहिलंय. कढई, लांब दांडी, नालांची कमान. बीचमने वाद्यातून डबा हद्दपार केला त्याचा हा दाखला. चुंबकवाल्यांचं मूळ इथे आहे.

पण मंजुरी येईपर्यंत उशीर झाला होता. आदल्याच वर्षी गिब्सन कंपनीने ईएस-१५० ही विजेवरची गिटार बाजारात आणली होती. बीचमला त्या पेटंटने श्रीमंत केलं नाही. १९४०मध्ये तो कंपनीतून बाहेर पडला. नवा नाद होता मासेमारीच्या गळाच्या आमिषांचा, त्याचंही पेटंट त्याने घेतलं. थोड्याच दिवसांत समुद्रात मासेमारी करताना हृदयविकाराच्या झटक्याने गेला.

ईएस-१५०पाशी ही गोष्ट उलटी वळते. तिचा पिकअप वॉल्टर फुलरने बनवला. छताखाली दोन लांब पोलादी चुंबक दडवलेले, वर फक्त एक सलग पट्टी. हे वाद्य ज्याने जगाला ऐकवलं तो चार्ली ख्रिश्चन. १९३९मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि मार्च १९४२मध्ये, पंचविसाव्या वर्षी क्षयाने गेला. जॅझमध्ये गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीने बोलू लागली ती याच्यामुळे. आणि हा मुलगा ओक्लाहोमा सिटीतल्या डग्लस शाळेत असताना कार्यानुभवाच्या तासाला सिगारच्या डब्यांच्या गिटारी बनवायचा. हे लिहून ठेवलंय राल्फ एलिसनने, ‘इन्व्हिजिबल मॅन’च्या लेखकाने. एलिसनचा धाकटा भाऊ चार्लीच्या वर्गात होता. १९५८च्या त्या लेखात डब्यांवर वाजणाऱ्या गुंतागुंतीच्या स्वरावलींचं नवल एलिसन इतक्या वर्षांनीही विसरलेला नाही.

म्हणजे बीचम ज्या डब्यातून सुटू पाहत होता, त्या डब्यातूनच त्याच्या शोधाचा खरा वादक आला.

माझ्या तिढ्याचं उत्तरही चार्लीच्याच पिकअपने दिलं. बाजारातला चुंबकी पिकअप सहा तारांसाठी, त्यावर सहा ठिपके. माझ्या तीन तारांतली मधली नेमकी दोन ठिपक्यांच्या मधे यायची आणि आजारी माणसासारखी बोलायची. सलग पट्टीचा पिकअप लावला आणि तार कुठेही असो, सारखी ऐकू यायला लागली.

असा पिकअप लावलेला डबा आपण गणपतीत दरवर्षी ऐकतो. मुंबई-कोकणातल्या पार्ट्यांचा ‘बेंजो’ म्हणजे खरं तर बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानी ताइशोगोतो, नागोयात मोरिता गोरो यांनी १९१२मध्ये बनवलेलं, टाइपरायटरसारख्या कळांचं. आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावून स्पीकरच्या भिंतीपुढे उभं केलं. मिरवणुकीत डब्याच्या लाकडाचा आवाज कुणाला हवा असतो? ढोल-ताशाच्या गदारोळात बीचमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

माझा कौल तरीही चकतीला. घरातल्या खोलीत, एकट्याने वाजवताना, मला मामांचा डबा ऐकायचा असतो, नखाचा ओरखडा आणि झाकणाची करकर धरून. चुंबक काढून ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

तुमच्या घरी दिवाळीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला असेल तर टाकू नका. पत्रा गुंजारव अडवतो, फक्त त्याला एक वायर जोडून ती जॅकच्या ग्राउंडला द्या. आणि चकतीला सोल्डर करताना आयर्न दोन सेकंदांहून जास्त टेकवू नका.