विधानसभा आणि आमच्या सूनबाई

सन २०२४ च्या नोव्हेंबर महिन्याची २० तारीख, बुधवार. महाराष्ट्राच्या विधानसभेसाठी त्या दिवशी मतदान व्हावयाचे होते. आमच्या घरी सकाळपासून सणावाराची असावी तशी गडबड चालली होती. पूजाअर्चा लवकर आटोपून, चहा घेऊन आम्ही, आमचे कुटुंब, चिरंजीव आणि सूनबाई असे चौघेजण जवळच्या शाळेतील मतदानकेंद्राकडे निघालो. आमच्या आत्याबाईंचे मत आधीच देऊन झाले होते. त्यांचे वय सत्याऐंशी. पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांस आगाऊ अर्ज केल्यास घरी मत देता येते. त्याप्रमाणे अधिकारी मंडळी घरी येऊन, गुप्ततेची सर्व व्यवस्था राखून त्यांचे मत घेऊन गेली होती.

केंद्रावर आमची तिघांची नावे यादीत सापडली. सूनबाईंचे काही सापडेना. अधिकारी सौजन्यशील होते, त्यांनी यादी दोन वेळा वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "ताई, आपले नाव येथे नाही." सूनबाईंनी ओळखपत्र दाखविले. त्यांनी ते पाहून परत दिले. कार्ड असून चालत नाही, नाव यादीत असावे लागते, एवढेच त्यांचे म्हणणे. आणि ते बरोबर होते. सूनबाईंचे नाव माहेरच्या, म्हणजे अमरावतीच्या यादीत माहेरच्याच नावाने राहिले होते. पुण्याहून अमरावतीस जाऊन संध्याकाळी सहाच्या आत मत देणे शक्य नव्हते. लग्नाला दीड वर्ष होऊन गेले होते. तेवढ्या अवधीत बँकेतील खाते, शिधापत्रिका, विम्याचे कागद, सर्वत्र त्यांच्या नावाची आणि पत्त्याची सोय आम्ही लावली. या एका यादीची आठवण मात्र घरात कोणालाच झाली नाही. दोष आमचाच.

घरी परतल्यावर आत्याबाईंनी सर्वांची बोटे पाहिली. तिघांच्या डाव्या तर्जनीवर शाई होती. सूनबाईंचे बोट कोरे होते. कारण कळल्यावर आत्याबाई क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "माझा जन्म सदतीस सालचा. त्या साली निवडणूक झाली, तेव्हा आईचे नाव यादीत होते; पण ते आमच्या वडिलांच्या शेतसाऱ्यामुळे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या काकूंचे नाव नव्हते. त्यांच्याजवळ ना जमीन, ना शाळेचा दाखला. तुझ्याजवळ सगळे असून तुझे नाव नाही, याला काय म्हणावे?"

या प्रश्नाने आम्हांस पुस्तके उघडावयास लावली. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

१९३५ च्या कायद्यान्वये मुंबई प्रांतास प्रथमच दोन सभागृहे मिळाली आणि १९३७ साली त्यांतील कनिष्ठ सभागृहाची, म्हणजे विधानसभेची निवडणूक झाली. सभासद १७५. परंतु हे १७५ जण एका मुशीतून निघालेले नव्हते. ११४ जागा सर्वसाधारण होत्या. त्यांपैकी १५ अस्पृश्य मानलेल्या वर्गांसाठी आणि ७ मराठ्यांसाठी राखलेल्या होत्या. मुसलमानांस २९ जागा निराळ्या. युरोपियन, हिंदी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, व्यापारी, जमीनदार, कामगार, विद्यापीठ या प्रत्येकाचा वाटा निराळा. स्त्रियांसाठी ६ जागा होत्या. याच सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले होते, आणि सभेचे अध्यक्षपद दादासाहेब मावळंकर यांनी भूषविले. मताचा अधिकार मात्र सर्वांस नव्हता. जमीनमहसूल, घरभाडे, कर अथवा शिक्षण यांपैकी काहीतरी पदरी असेल त्यालाच मत. स्त्रियांच्या बाबतीत पतीची मालमत्ताही चाले. म्हणजे गृहिणीचे मत हे पुष्कळदा यजमानांच्या सातबाऱ्याची सावली असे. आत्याबाईंच्या आठवणीतील काकू आणि मातोश्री एका स्वयंपाकघरात वावरत. पण राज्यकारभाराच्या दृष्टीने एक होती, दुसरी नव्हती.

प्रजासत्ताकाची घटना १९५० साली अमलात आली आणि हा भेद एका कलमाने नाहीसा झाला. २१ वर्षांचा प्रत्येक नागरिक मतदार ठरला. पुढे १९८९ मध्ये ही मर्यादा १८ वर आली. परंतु कलमाने दिलेला अधिकार यादीत उतरावा लागतो, आणि तेथेच पहिली अडचण आली. १९५१-५२ च्या निवडणुकीची यादी करावयास माणसे दारोदार गेली, तेव्हा उत्तर हिंदुस्थानातील लाखो स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, असेच त्या सांगत. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरू नयेत असा निर्णय घेतला, आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या. निर्णय कठोर खरा. पण मत देणाऱ्या व्यक्तीस स्वतःचे नाव असलेच पाहिजे हा पायंडा त्याने घातला. आपल्याकडे उखाण्यावाचून पतीचे नाव न घेण्याची चाल होती. येथे तर स्वतःचे नावही तोंडून निघेना! त्या भगिनींस आपण हसू नये. दीड वर्षात सुनेचे नाव यादीत न घालणारे आम्ही त्यांच्याहून फारसे शहाणे नाही.

आता आजच्या सभेची घडण पाहू. १९५७ साली द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत ३९६ सभासद होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र निराळा झाला, तेव्हा त्यांतील २६४ आपल्या वाट्यास आले आणि १३२ गुजरातकडे गेले. १९६७ मध्ये संख्या २७० झाली, १९७८ मध्ये २८८. आणि २०२४ ची निवडणूकही २८८ जागांचीच झाली. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा हा पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ, तर सांगली जिल्ह्यातील जत हा २८८ व्या क्रमांकाचा. यांत विदर्भाचे ६२, मराठवाड्याचे ४६ आणि मुंबई शहर व उपनगरे मिळून ३६. एकट्या पुणे जिल्ह्यास २१ जागा, तर सिंधुदुर्गास ३. अनुसूचित जातींसाठी २९ आणि अनुसूचित जमातींसाठी २५ जागा राखीव आहेत. पूर्वी अँग्लो-इंडियन समाजाचा एक सभासद राज्यपाल नेमू शकत. ती तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली. आता सभागृहात बसणारा प्रत्येक जण मतांवर निवडूनच आलेला असतो.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची वस्ती सुमारे ५ कोटी ४ लक्ष होती; २०११ मध्ये ती ११ कोटी २४ लक्ष झाली. वस्ती दुपटीहून वाढली, सभासद मात्र तितकेच राहिले, कारण जागांची संख्या १९७६ च्या घटनादुरुस्तीने गोठविली आणि २००१ च्या दुरुस्तीने ती मुदत आणखी वाढविली. २००८ साली मतदारसंघांच्या सीमा तेवढ्या नव्याने आखल्या. परिणामी, पूर्वी एक आमदार सरासरी पावणेदोन लाख माणसांच्या वतीने बोलत असे. २०११ च्या हिशेबाने तो जवळजवळ चार लाखांच्या वतीने बोलतो. एवढ्या गर्दीत आपले एक मत ते काय, असे कोणासही वाटेल. हीच समजूत घातक होय.

राज्यकारभाराची किल्ली याच सभागृहाजवळ असते. मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या विधानसभेस जबाबदार असते, ७८ सभासदांच्या विधानपरिषदेस नव्हे. अर्थविषयक विधेयक प्रथम येथेच मांडावे लागते. २८८ पैकी १४५ सभासद पाठीशी असले की सरकार टिकते, नसले की जाते. म्हणून एकेका जागेस मोल, आणि जागा ज्या मतांवर ठरते त्यांसही मोल.

२०२४ च्या निवडणुकीत सुमारे ९ कोटी ७० लक्ष मतदार होते. म्हणजे मतदारसंघास सरासरी ३ लाख ३६ हजार. तरीही मालेगाव मध्य मतदारसंघाचा निकाल अवघ्या १६२ मतांनी लागला. भंडारा जिल्ह्यातील साकोलीत अंतर २०८ मतांचे, नवी मुंबईतील बेलापुरात ३७७ चे. एखाद्या मोठ्या मंगल कार्यालयातील एका पंगतीस याहून अधिक पाने मांडलेली आम्ही पाहिली आहेत. राजस्थानात तर २००८ साली नाथद्वाराच्या जागेवर सी. पी. जोशी हे केवळ एका मताने पडले. त्या वेळी ते आपल्या पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होते. आमच्या सूनबाईंचे एक मत हुकले, तशा प्रत्येक आळीत दोन-दोन सुना आणि नोकरीनिमित्त गाव सोडलेले तीन-तीन मुलगे असतील, तर साकोलीचे अंतर भरून येण्यास कितीशा आळ्या लागतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

येथे सुशिक्षित वर्गास थोडे कडू बोलणे प्राप्त आहे. त्या निवडणुकीत कोल्हापूरजवळच्या करवीर मतदारसंघात ८४ टक्क्यांवर मतदान झाले. मुंबईतील कुलाब्यात, जेथे विद्यापीठ, उच्च न्यायालय आणि स्वतः विधानभवन यांचा परिसर आहे, ते ४५ टक्क्यांपर्यंतही पोचले नाही. शेतीची कामे टाकून बैलगाडीच्या वाटेने केंद्रावर जाणाऱ्या माणसास मताचे मोल कळते, आणि दिवाणखान्यात बसून सरकारचे वाभाडे काढणाऱ्या आम्हां मंडळींस ते कळत नाही, असा याचा अर्थ कोणी घेतला तर त्याच्याशी वाद घालणे कठीण आहे. आमच्या घरी त्या वर्षी राजकारणाची चर्चा एकही दिवस बंद नव्हती. सूनबाई त्या चर्चेत सर्वांत समंजस बोलत. त्यांचे बोलणे आम्ही ऐकत होतो; ते यादीत कसे उतरेल हे मात्र कोणी पाहिले नाही.

स्त्रियांची सभागृहातील संख्याही येथेच सांगितली पाहिजे. २०१९ मध्ये २८८ पैकी २४ स्त्रिया निवडून आल्या होत्या. २०२४ मध्ये त्या २१ झाल्या. त्या वर्षी रिंगणात ४,१३६ उमेदवार होते, त्यांत स्त्रिया ३६३. सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने लोकसभेत आणि विधानसभांत एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखण्याची घटनादुरुस्ती संमत केली; जनगणना व तदनुसार मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर ती अमलात यावी, अशी अट तीत घातलेली होती. २८८ चा एक-तृतीयांश म्हणजे ९६. एकवीस आणि शहाण्णव यांतील अंतर कायदा भरून काढू शकेल. परंतु यादीबाहेर राहिलेल्या सुनेस कोणताही कायदा हात धरून केंद्रावर नेणार नाही.

ज्या घरांत आमच्यासारखी चूक होण्याचा संभव आहे, त्यांच्यासाठी चार शब्द. वयाची १८ वर्षे पुरी झालेल्याने प्रथम नाव घालण्यासाठी नमुना ६ चा अर्ज करावा. त्यासाठी २०२२ पासून वर्षात चार तारखा धरल्या जाऊ लागल्या: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. लग्नामुळे अथवा नोकरीमुळे बिऱ्हाड बदलले असेल तर नमुना ८. नाव बदलणे न बदलणे हे लग्न झालेल्या मुलीच्या मर्जीवर असावे; परंतु राहण्याचे ठिकाण बदलले की यादीतील जागा बदललीच पाहिजे. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्यास मंजूर नाही. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते, आणि अर्जाच्या चौकशीस काही दिवस लागतात. म्हणून निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये. मागील खेपेस मत दिले होते, एवढ्यावरही विसंबू नये. दरवर्षी एकदा यादीत नाव आहे की नाही हे डोळ्यांनी पाहावे.

आमच्या सूनबाईंनी तो अर्ज त्याच आठवड्यात भरला. काही महिन्यांनी नाव आले. चिरंजीवांनी यादीचे ते पान छापून आणले, तेव्हा आत्याबाईंनी चष्मा लावून ते आधी स्वतःशी वाचले आणि मग मोठ्याने वाचून दाखविले. लग्नात ताटातील तांदळांवर अंगठीने लिहिलेले नाव वाचतात, तसे. वाचून झाल्यावर त्यांनी पान सूनबाईंच्या हाती दिले. "नाव आले. आता पाच वर्षांनी मी असेन-नसेन, तू मात्र जा," एवढेच त्या म्हणाल्या.

पुढील वैशाखात आमच्या पुतणीचे लग्न होते. दोन्हीकडची मंडळी याद्या करावयास बसली. मानपान, पंगती, येणे-जाणे सर्व लिहून झाले. शेवटी आम्ही लेखणी घेतली आणि तळाशी एक ओळ वाढविली: मुलगी सासरी आल्यावर महिन्याच्या आत तिचे नाव मतदारयादीत घालण्याचे काम वरपक्षाकडे. व्याही हसले, पण खाली सही त्यांनी केली.