कसरीचा बंदोबस्त

होळी होऊन थंडी ओसरली, की शाली, स्वेटर, कानटोप्या आणि घोंगडी यांचा घरातील अंमल संपतो आणि ही सारी मंडळी पुढच्या कार्तिकापर्यंत पेटीबंद होतात. परंतु ज्या सात-आठ महिन्यांत त्यांची कोणी विचारपूस करीत नाही, नेमक्या त्याच मुदतीत कसर आपला कारभार उरकते. वडिलांच्या वेळची शाल खांद्यावर घेण्यासाठी उलगडावी आणि तिची मधोमध चाळण झालेली दिसावी, हा अनुभव ज्या घरात कधी आला नाही असे घर विरळाच. मग बहुतेक जण डांबरगोळ्यांच्या पुडीकडे वळतात. त्या गोळ्यांचा उग्र दर्प आणि त्या दर्पाबरोबर घरात शिरणारा धोका, या दोहोंवाचूनही वस्त्रांचे रक्षण होऊ शकते अशी माझी खात्री आहे. मात्र त्यासाठी वनस्पतींच्या सुगंधी तेलांकडून काय मागावे आणि काय मागू नये, याचा विवेक आधी करावा लागतो.

प्रथम शत्रूची ओळख पटवून घेणे आवश्यक आहे, कारण रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या पाकोळ्या मारून कसरीचा नायनाट झाल्याचे समाधान मानणारे लोक पुष्कळ आहेत. लोकर खाणाऱ्या जातीचा पतंग, ज्याला शास्त्रीय परिभाषेत टिनिओला बिसेलिएला म्हणतात, तो पंख मिटून बसला असता जेमतेम ६ ते ८ मिलिमीटर भरतो. त्याचा रंग फिकट सोनेरी असतो, आणि दिव्याकडे झेपावण्याऐवजी तो उजेडापासून दूर, घड्यांच्या अंधारात पळतो. त्याचे मुखावयव निकामी असतात, म्हणजे तो स्वतः एक धागाही खात नाही. अपराध सारा अळीचा. एक मादी साधारणपणे ४० ते ५० अंडी घालते. उबदार हवेत ती आठवडाभरात फुटतात, आणि त्यांतून निघालेली अळी अन्न व उष्णता अनुकूल असल्यास एक-दोन महिन्यांत वाढते, पण परिस्थिती प्रतिकूल असल्यास दोन वर्षांहूनही अधिक काळ चिवटपणे तग धरून राहू शकते. पतंग दिसेनासे झाले एवढ्यावर निर्धास्त होणे किती धोक्याचे, हे या एका गोष्टीवरून ध्यानात यावे.

साताऱ्याला माझ्या आत्याच्या घरी ही आवराआवर दर वर्षी होळीनंतरच्या एखाद्या कोरड्या दिवशी होते, आणि ती मी तिच्या शेजारी बसून अनेकदा पाहिली आहे. सोप्यात पांढरी स्वच्छ चादर अंथरायची, तिच्यावर एकेक वस्त्र उलगडायचे आणि हातात भिंग घेऊन ते तपासायचे, असा तिचा परिपाठ. माझी दृष्टी साहजिकच वस्त्राच्या मध्यभागी जाते, तेव्हा ती म्हणते, “अरे, मधे काय बघतोस? शिवण बघ, घडी बघ, कॉलरच्या आत बघ.” आणि तिचे म्हणणे खरे ठरते. शिवणीच्या दुमडीत भिंग धरले, की दुधाळ अंगाची आणि तपकिरी डोक्याची अळी स्वतः विणलेल्या रेशमी नळीत पडून असलेली सापडते. तिच्या आसपास वाळूच्या कणांएवढे दाणे विखुरलेले असतात. ते तिची विष्ठा होत, आणि त्यांचा रंग खाल्लेल्या लोकरीचाच असल्यामुळे तांबड्या शालीवरील तांबडे दाणे उघड्या डोळ्यांना सहसा दिसतच नाहीत. तिचीच दुसरी एक भावकी आपले घर पाठीवर घेऊन हिंडते. ती ज्या वस्त्रावर चरते त्याच्याच तंतूंचा कोश विणते आणि अंग वाढेल तसा तो दोन्ही टोकांनी वाढवीत जाते. आत्याने एकदा चिमट्याने असा एक कोश उचलून माझ्या तळहातावर ठेवला. तो मध्यभागी निळा आणि दोन्ही टोकांना किरमिजी होता, म्हणजे ही स्वारी निळ्या मफलरीवर जन्मून पुढे किरमिजी स्वेटरवर मुक्कामाला गेली होती. तिच्या प्रवासाचा असा लेखी पुरावा हाती आल्यावर मफलर शोधून काढणे सोपे झाले.

लोकर, केस आणि पिसे ही केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात, आणि गंधकाच्या बंधांनी बळकट झालेले हे प्रथिन बहुतेक प्राण्यांच्या पचनशक्तीला दाद देत नाही. या अळीच्या आतड्यातील रासायनिक परिस्थिती मात्र ते बंध तोडू शकते. रेशीम हे निराळे प्रथिन असून निव्वळ त्याच्यावर तिचे नीट पोषण होत नाही, तरी मळलेले रेशीम ती कुरतडते. निव्वळ सुती वस्त्र तिच्या कामाचे नाही. परंतु यापेक्षाही महत्त्वाची बाब अशी, की स्वच्छ धुतलेल्या लोकरीपेक्षा घाम, तूप किंवा सांडलेले वरण यांनी डागाळलेल्या लोकरीवर अळी कितीतरी जोमाने वाढते, कारण लोकरीत नसलेली पोषकद्रव्ये तिला त्या डागांतून मिळतात. लोकर आणि रेशीम रोज धुण्याची गरज नाही असे आपल्याकडील सोवळ्याचे शास्त्र मानीत आले, आणि म्हणूनच स्वयंपाकाला व पूजेला नेसली जाणारी धाबळी घरातल्या इतर कोणत्याही वस्त्राच्या आधी कसरीला बळी पडत असे, असे मला वाटते.

तेव्हा तेलाची कुपी उघडण्यापूर्वीचे काम हेच खरे काम. आत्या प्रत्येक लोकरी वस्त्र मऊ कुंचल्याने शिवणीशिवणीने झाडते, धुण्याजोगे असेल ते धुते आणि कडक उन्हात उलटसुलट करून वाळवते. अळी आणि अंडी झाडण्याने निखळतात, आणि भर उन्हाच्या तापाने उघड्यावर पडलेल्या अळ्या तगत नाहीत. पैठणीला आणि रंगीत रेशमाला मात्र ऊन वर्ज्य. ती सावलीत, वाऱ्यावर. ज्या वस्त्रात प्रत्यक्ष अळी सापडली आणि जे धुता येत नाही, त्याच्यासाठी वस्तुसंग्रहालयांनी रूढ केलेली तजवीज घरीही करता येते: वस्त्र प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंश सेल्सिअसच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायचे, आणि बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडायची नाही, म्हणजे दव आत न धरता बाहेर धरते. पेटीचे कानेकोपरे, तळाचा कागद आणि कपाटाच्या फळ्यांमधील फटी याही झाडून घ्याव्या लागतात, कारण तेथे साचलेले केस व तंतू यांवर अळीचा निर्वाह सहज चालतो.

हे सारे झाल्यावर फडताळातून काळपट काचेच्या कुप्या खाली येतात: देवदार, लव्हेंडर, लवंग आणि वाळा. या तेलांच्या स्वभावात मोठा भेद आहे, आणि तो समजून घेण्याजोगा आहे. लव्हेंडरच्या सुगंधातील लिनालूल किंवा गवती चहाच्या तेलातील सिट्रल हे दहा कार्बन अणूंचे हलके रेणू आहेत; ते झपाट्याने हवेत मिसळतात, पेटी घमघमते आणि लवकरच रिती होते. देवदाराच्या तेलातील हिमाचलीन हा पंधरा कार्बन अणूंचा, जड आणि सावकाश उडणारा रेणू. वाळ्याचे तेलही असेच धीराचे. लवंगेतील युजेनॉल कीटकांच्या ऑक्टोपॅमाइन या चेतारसायनाच्या कार्यात बिघाड करते असे अभ्यासकांना आढळले आहे, आणि त्या रसायनाला माणसाच्या शरीरात तसे महत्त्वाचे स्थान नाही. आत्या देवदाराला मुख्य जागा देते आणि लव्हेंडर किंवा लवंग त्याच्या जोडीला घेते. कापसाचा बोळा बशीत ठेवून त्यावर पाच-सहा थेंब टाकायचे, तेल पूर्ण मुरू द्यायचे, मग तो बोळा मलमलीच्या दुहेरी पुरचुंडीत बांधायचा. पुरचुंडी वस्त्रांमध्ये खुपसायची नाही. वस्त्रांवर धुतलेल्या जुन्या लुगड्याचा पदर अंथरून त्याच्यावर ती ठेवायची, कारण तेलाची वाफ हवेहून जड असल्याने खाली उतरते आणि तेलाचा एक थेंबही रेशमावर कायमचा डाग पाडू शकतो. “तेल कापडाला लावायचं नसतं रे,” ती सांगते, “पेटीतल्या हवेला लावायचं असतं.”

या वाक्यात तेलांचे सामर्थ्य आणि त्यांची मर्यादा, दोन्ही आली. अमेरिकेत तांबड्या सीडारच्या लाकडाच्या पेट्यांची फार मोठी ख्याती आहे. त्या लाकडाच्या तेलाची वाफ नुकत्याच जन्मलेल्या अळ्यांना मारते हे खरे, पण पोसलेल्या अळ्या तिला पुरून उरतात, आणि लाकडातील तेल वर्षांमागून वर्षे उडत गेले की पेटीचा गुणही जातो. अर्धवट मिटणाऱ्या दाराच्या कपाटात लव्हेंडरची पिशवी टांगून निश्चिंत होणाऱ्यांविषयी मला म्हणूनच खेद वाटतो. तेथे वाफ दाटतच नाही. घट्ट झाकणाची लोखंडी ट्रंक, आत निःशंक स्वच्छ वस्त्रे, आणि मग तेल, हाच क्रम. आत शिरू पाहणाऱ्या मादीला परतवणे आणि एखादे अंडे राहून गेलेच तर त्यातून निघालेल्या कोवळ्या अळीला जगू न देणे, एवढेच तेलाचे काम आहे. ते चोख होण्यासाठी लव्हेंडर दर महिन्याला आणि देवदार दोन-तीन महिन्यांनी नव्याने द्यावे लागते.

ही दृष्टी आपल्या परंपरेला अपरिचित नव्हती. तंजावरच्या भोसले राजांनी, विशेषतः दुसऱ्या सरफोजींनी (१७७७–१८३२), समृद्ध केलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रांच्या रक्षणासाठी वेखंड, कलौंजी, लवंग, मिरी व दालचिनी यांची भरड कापरासह फडक्यात बांधून ठेवण्याची पद्धत चालत आली आहे. शत्रू तेथे निराळे, परंतु तत्त्व तेच: कोंडलेली हवा आणि उडणारे तेल. वेखंड आपल्या घरोघर बाळंतिणीच्या खोलीपासून पोथ्यांच्या रुमालांपर्यंत वावरत आले. त्याच्या तेलातील बीटा-असॅरोन कीटकांची प्रजननशक्ती खुंटवते; मात्र उंदरांना दीर्घकाळ खाऊ घातल्यावर त्याने अर्बुदे झाल्यामुळे अमेरिकेने १९६८ साली अन्नपदार्थांत वेखंड वापरण्यास मनाई केली. वस्त्रांच्या पेटीत त्याचा तुकडा अवश्य असावा, धान्याच्या डब्यात तो टाकण्यास माझी संमती नाही.

वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, हा समज येथे सर्वांत घातक आहे, आणि या बाबतीत मी कोणाच्याही भिडेखातर गप्प बसू इच्छीत नाही. नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्या वाईट खऱ्याच: जी-६-पीडी या विकराची जन्मजात उणीव असलेल्या व्यक्तींच्या तांबड्या रक्तपेशी त्यांच्यामुळे फुटू शकतात, आणि गोळ्यांत ठेवलेली दुपटी न झटकता, न धुता गुंडाळलेल्या तान्ह्या मुलांना तीव्र कावीळ झाल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. युरोपीय संघाने २००८ मध्ये या गोळ्या विक्रीतून काढून टाकल्या. पण कापराची वडी गिळलेल्या मुलाला काही मिनिटांत आकडी येऊ शकते, आणि लवंगेचे किंवा निलगिरीचे तेल घोटभर पोटात गेले तर तेही लहान मुलाच्या जिवावर बेतते. म्हणून कुप्या कुलपात. मांजराच्या यकृताला ही द्रव्ये निकामी करणारे विकर पुरेसे लाभलेले नाही, तेव्हा मांजर ज्या खोलीत निजते तेथे ही तेले उघडी ठेवू नयेत वा फवारू नयेत. निखळ तेल त्वचेला लावू नये. कुपी वारंवार उघडी राहिली की लव्हेंडरमधील लिनालूल हवेच्या संयोगाने बदलते आणि त्वचेला खाज व चट्टे आणणारी द्रव्ये तयार होतात. जुने तेल यासाठी टाकून द्यावे. तेले ज्वालाग्राही असल्यामुळे त्यांच्या पुरचुंड्या समईच्या आसपास बांधीत बसू नये. तान्ह्या बाळाचे कपडे तर तेलाविनाच, नुसते धुऊन हवाबंद पिशवीत ठेवणे उत्तम.

स्वयंपाकघरातील पाकोळी हे वेगळे प्रकरण. रव्यात, ज्वारीत किंवा तांदळात जाळी धरते ती कॉर्सायरा आणि तत्सम पतंगांच्या अळ्यांमुळे. जाळी धरलेले पीठ टाकून देणे, डबे धुऊन कडकडीत वाळवणे आणि नवे धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात भरणे याखेरीज त्याला तोड नाही; अन्नाजवळ तेलाचा थेंब नको.

आत्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून एक वहीचा कागद चिकटवलेला असतो, आणि दप्तरातल्या रोजकीर्दीच्या शिस्तीने त्याच्यावर नोंदी होतात: कोणती वस्त्रे, केव्हा धुतली, कोणते तेल केव्हा दिले, पुढची तपासणी केव्हा. पावसाळ्यात हवा दमट होऊन अळीला सोयीची होते, म्हणून ज्येष्ठात एकदा आणि भाद्रपदात उघडीप मिळताच पुन्हा एकदा ट्रंक उघडली जाते, पुरचुंड्या बदलतात, शिवणी भिंगाखाली जातात. ज्या घडीत एखादे नवे भोक किंवा रंगीत दाणे आढळले तिच्या नावापुढे तांबडी खूण पडते, आणि पुढच्या फाल्गुनात तपासणीचा आरंभ त्याच वस्त्रापासून होतो.