खाडीकाठचे शोमरोनी

नोव्हेंबर १५८३. चौलच्या बंदरात एक पोर्तुगीज जहाज थांबले. जहाजावर चार इंग्रज होते: व्यापारी जॉन न्यूबेरी आणि राल्फ फिच, जवाहिऱ्या विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी नावाचा चित्रकार. चौघेही कैदी. होर्मुझमध्ये एका व्हेनिसच्या व्यापाऱ्याने त्यांची चुगली केली, पोर्तुगीजांनी त्यांना हेर ठरवून पकडले आणि चौकशीसाठी गोव्याकडे धाडले. चौल हा वाटेतला मुक्काम. रोह्याकडून येणारी कुंडलिका इथेच समुद्राला मिळते. चौल दोन आहेत, एक पोर्तुगीजांचे आणि दुसरे मुसलमान सुलतानाचे, असे फिचने पुढे लिहून ठेवले. इथला नारळ पाहून तो इतका हरखला, की जगात याहून फायद्याचे झाड नाही असा निर्वाळाच त्याने दिला. डोक्यावर हेरगिरीचा आळ असताना माडाकडे एवढ्या निगुतीने पाहणारा हा गडी व्यापारी खरा!

महिनाअखेरीस चौघे गोव्याच्या तुरुंगात पोचले. ओळखीचे कोणी नाही, भाषा येत नाही आणि धर्म प्रोटेस्टंट, म्हणजे तिथल्या कॅथलिक सत्तेच्या लेखी पाखंड. अशा वेळी त्यांच्यासाठी व्हाइसरॉयकडे रदबदली करायला एक पाद्री उभा राहिला. तो इंग्रज होता आणि जेझुइट होता. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स.

मराठी वाचकाला हा माणूस परका नाही. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे, मराठीवर जीव जडलेले फादर स्टीफन्स ते हेच. ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले १६१६ मध्ये. तुरुंगाची ही गोष्ट त्याच्या तेहेतीस वर्षे आधीची. स्टीफन्सना गोव्यात येऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. एका फ्लेमिश जेझुइटाला बरोबर घेऊन त्यांनी या देशबांधवांसाठी शब्द टाकला. डिसेंबरच्या अखेरीस जामिनावर सुटका झाली. जामीन दोन हजार सुवर्णनाण्यांचा होता. या दोन पाद्र्यांनी पाठराखण केली नसती, तर जीव वाचला असता तरी आम्ही दीर्घकाळ कोठडीत कुजलो असतो, अशा आशयाचे पत्र न्यूबेरीने घरी लिहिले.

आता या मदतीची किंमत पाहा. दोनच वर्षांपूर्वी, १ डिसेंबर १५८१ रोजी, लंडनमध्ये एडमंड कँपियन या जेझुइटाला राजद्रोही ठरवून फासावर चढवण्यात आले होते. स्टीफन्स ज्या संघाचे, त्याच संघाचा तो पाद्री. त्यांच्या मायदेशात त्यांच्या पंथाच्या माणसांचे असे हाल चालले असताना, तिथल्याच राणीच्या प्रजाजनांना सोडवण्यासाठी त्यांनी आपली पत पणाला लावली. देशबंधुत्वाचा ओढा त्यात असेलच. पण तेवढ्यावर हे उलगडत नाही.

उलगडा शोधायचा तर लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायाकडे जावे लागते. माझा शेजारी कोण, असे एका शास्त्र्याने येशूला विचारले, तेव्हा येशूने गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर एका प्रवाशाला लुटारूंनी लुटले आणि अर्धमेला करून टाकले. वाट सुमारे सत्तावीस किलोमीटरची आणि हजार मीटर उताराची, खिंडी-कपारींची, लुटारूंना सोयीची. याजक आला, पाहून पलीकडून निघून गेला. लेवी आला, तोही तसाच गेला. मग आला एक शोमरोनी. यहुद्यांच्या दृष्टीने शोमरोनी म्हणजे बाटगे, त्यांच्या हातचे पाणीही नको. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, दोन नाणी उतारशाळेवाल्याच्या हातावर ठेवली आणि जास्त लागले तर परतताना देतो, असे सांगितले.

ही गोष्ट दयेची म्हणून सांगितली जाते, पण तिची नांगी वेगळीच आहे. येशूने आपल्या यहुदी श्रोत्यांना मदत करणाऱ्याच्या जागी शत्रू उभा करून दाखवला. एखादा यहुदी शोमरोन्याला मदत करतो, अशी गोष्ट सांगता आली असती. ऐकणाऱ्यांची छाती फुगली असती आणि सगळे खूश होऊन घरी गेले असते.

वाटसरूला निवारा देणे हे पुढे ख्रिस्ती धर्मात रीतसर कर्तव्य झाले. पोर्तुगालच्या राणी लिओनोरने १४९८ मध्ये लिस्बनला ‘मिझेरिकॉर्दिया’ नावाचा दयासंघ उभा केला. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची शुश्रूषा, कैद्यांची सोडवणूक, मृताला मूठमाती आणि प्रवाशाला आसरा, अशी चौदा दयाकृत्ये त्याने सभासदांवर सोपवली. पोर्तुगीज जिथे गेले तिथे हा संघ गेला. गोवा, वसई आणि चौल, तिन्ही ठिकाणी तो होता. म्हणजे कुंडलिकेच्या मुखाशी, आजच्या रेवदंड्यात, आगंतुकाला आसरा देणे हे धर्मकृत्य मानणारी संस्था सोळाव्या शतकात नांदत होती. अर्थात ज्या सत्तेच्या छत्राखाली हा दयासंघ चालला, तिनेच १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आणले, हेही विसरून चालत नाही. दयेची वही मुख्यतः आपल्या माणसांसाठी उघडी होती. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आले आणि पोर्तुगीज गेले. मागे राहिले रेवदंड्यातले भग्न अवशेष आणि खाडीपलीकडे कोर्लई, जिथली ख्रिस्ती घरे आजही पोर्तुगीज वळणाची आपली वेगळी बोली बोलतात.

याच किनाऱ्यावर उतरलेल्या एका ख्रिस्ती प्रवाशाला आधाराची गरज पडली, तेव्हा काय झाले? ती गोष्ट पोर्तुगीजांच्याही आधीची. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफानासी निकितिन १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. व्होल्गेच्या मुखाजवळ तातारांनी त्याला आधीच लुटले होते. धर्मग्रंथ गेले, त्यामुळे ईस्टर कधी आणि उपवास कधी, याचाही हिशेब हुकला. चौलहून पालीमार्गे (रोह्याच्या शेजारचे, बल्लाळेश्वराचे पाली ते हेच असे मानले जाते) तो घाट चढून जुन्नरला गेला. तिथल्या असदखानाने त्याचा घोडा ओढून घेतला. मुसलमान हो, घोडाही देतो आणि हजार मोहराही देतो. नाही झालास तर घोडाही ठेवून घेतो आणि हजार मोहराही तुझ्याकडून वसूल करतो, असा त्याचा निरोप. मुदत चार दिवसांची. निकितिनने देवाचा धावा केला आणि मदतीला आला खोरासानचा एक मुसलमान, ख्वाजा मुहम्मद. तो खानाकडे गेला, समजूत घातली, घोडा परत आणून दिला आणि निकितिनचा धर्मही शाबूत राखला. निकितिनला त्यात देवाचा चमत्कार दिसला. लूकच्या गोष्टीशी याहून जवळचा प्रसंग या मुलखाच्या इतिहासात सापडणे कठीण. रेवदंड्यात आज निकितिनचे स्मारक आहे. ख्वाजा मुहम्मदाचे कुठेच नाही.

हा किनारा अडकलेल्यांना सामावून घेण्यात जुना सराईत. बेने इस्रायली या इथल्या यहुदी समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. गावकऱ्यांनी त्यांना जागा दिली, त्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवला आणि ‘शनिवार तेली’ हे नाव मिळवले. पेणचे झाले पेणकर, रोह्याचे रोहेकर, कुंडलिकेपलीकडच्या अष्टमीचे अष्टमकर. पुढे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी याच मंडळींसाठी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. धर्मांतराची आस त्यामागे होती, हे लपवण्यासारखे नाही. बेने इस्रायलींनी व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला.

मिशनऱ्यांच्या वाट्यालाही रस्त्यावरचे मरण आले. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडे फिरतीवर होते. तिथे पटकी पसरली होती. जवळची औषधे त्यांनी रोग्यांना वाटून टाकली आणि परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकीने गाठले. हिंदू देवळाच्या ओसरीवर त्यांनी प्राण सोडला.

समुद्रातली मोठी आठवण १७ जुलै १९४७ ची. मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. पेण-अलिबागकडच्या लोकांची ही रोजची वाट. जी माणसे वाचली त्यांतल्या अनेकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या मचव्यांत ओढून घेतले.

रुळांवरची आठवण ४ मे २०१४ ची. दिवा-सावंतवाडी पॅसेंजर नागोठणे आणि रोहा यांच्या दरम्यान निडी गावाजवळ घसरली. इंजिनासह चार डबे रुळांवरून उतरले, वीसच्या आसपास माणसे दगावली, शंभरावर जखमी झाली. डोंगर आणि बोगद्याच्या मुलखात यंत्रणा पोचेपर्यंत हात चालले ते आसपासच्या गावकऱ्यांचे. रस्त्याचे तर काय सांगावे! पेण, नागोठणे आणि कोलाड ओलांडणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल-इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा २०११ पासून रुंदीकरणाच्या कचाट्यात सापडला. गणपतीला निघालेला चाकरमानी या टप्प्यात दर वर्षी अडकतो आणि पेणच्या मूर्तीही त्याच खड्ड्यांतून गावी जातात.

मात्र वाट चुकलेल्या सगळ्यांनाच अपघात झालेला नसतो. काही जण मनाने हरवलेले असतात, स्टेशनावर आणि फुटपाथवर वर्षानुवर्षे पडून. रायगड जिल्ह्यात अशांसाठी दोन ठिकाणे उभी राहिली. पनवेल तालुक्यात पास्टर के. एम. फिलिप यांनी १९९९ मध्ये ‘सील’ आश्रम सुरू केला. मुंबईच्या रस्त्यांवरून बेवारस माणसे उचलायची, जखमा धुवायच्या, जेवू घालायचे आणि नातेवाईक सापडले की घरी पोचवायचे, हे तिथले काम. त्याची प्रेरणा उघडपणे ख्रिस्ती आहे. उचललेल्या माणसाची जात-धर्म मात्र बेशुद्धीत कोण सांगणार? दुसरे ठिकाण कर्जतचे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये ‘श्रद्धा’ संस्था काढली. त्याआधी त्यांना एक तरुण नारळाच्या करवंटीने गटारातले पाणी पिताना दिसला होता. उपचारांनंतर कळले, तो शिकलेला, आंध्रातल्या बऱ्या घरचा मुलगा. या कामासाठी डॉ. वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इथली प्रेरणा बाबा आमट्यांची. पनवेल आणि कर्जतच्या पाट्या वेगळ्या, काम जवळजवळ एकच. शोमरोन्याच्या गोष्टीला यापेक्षा वेगळे काही अपेक्षित नसावे.

आणि ती गोष्ट आता भारताच्या कायद्यातही शिरली आहे. अपघातग्रस्ताला हात लावला तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, या भीतीने लोक पलीकडून निघून जात, याजक-लेवींसारखेच. ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले आणि त्यात मदत करणाऱ्याला म्हटले आहे ‘गुड समॅरिटन’, म्हणजे चांगला शोमरोनी. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. रुग्णालय त्याला अडकवून ठेवू शकत नाही.

तेव्हा यंदा भाऊबीजेला या रस्त्याने निघालात आणि नागोठण्याच्या वळणावर उलटलेली दुचाकी दिसली, तर गाडी कडेला घ्या आणि १०८ फिरवा. पोलिसांनी नाव विचारले तर सांगायचे की नाही, हे कायद्याने तुमच्यावर सोडले आहे.