कुलूप लावलेला पडदा

दिवाळीच्या सुट्टीत मी आजीबरोबर तालुक्याच्या गावी दवाखान्यात गेलो होतो. तिथे भिंतीवरच्या टीव्हीवर नंबर लागत होते. आजीला अक्षरे वाचता येत नाहीत, पण आकडे कळतात. चिठ्ठीवर २७ आणि पडद्यावर २७ आले की आत जायचे, एवढे तिला ठाऊक. पडद्यावर २४ असताना एका मुलाने टेबलावरचा कीबोर्ड बडवला. नंबर गेले अन् डोंगराचे चित्र आले! पडदा पुन्हा लागला तेव्हा त्यावर ३१ होते. आजीला शेवटी आत सोडले, पण तोवर आमची दुपारची गाडी निघून गेली.

शाळा उघडल्यावर मी गुरुजींना विचारले, ‘असे होऊ नये म्हणून काय करतात?’ त्यांनी समजावले ते लिहितो.

असा टीव्ही संगणकाला जोडलेला असतो. त्यावर वेब ॲप चालते, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारे पान. एफ ११ हे बटण दाबले की पान पडदाभर होते. पण पुन्हा दाबले की परत लहान! ही नुसती कडी झाली, कुलूप नव्हे.

कुलपाला ‘कियॉस्क मोड’ म्हणतात. कियॉस्क म्हणजे रस्त्याकडेची टपरी. क्रोम सुरू करायच्या आज्ञेत हा शब्द जोडला की पत्त्याची पट्टी, टॅब, बंद करायची फुली, काहीच दिसत नाही. फायरफॉक्समध्ये ही सोय २०१९ साली, ७१ व्या आवृत्तीत आली.

तरी ऑल्ट आणि एफ ४ एकदम दाबले तर पान बंद होतेच. म्हणून विंडोजमध्ये आणखी एक कुलूप आहे, ‘असाइन्ड ॲक्सेस’. त्या खात्यात ठरवलेले एकच ॲप चालते आणि बंद पडले तर आपोआप पुन्हा उघडते. मात्र कंट्रोल, ऑल्ट, डिलीट ही तीन बटणे एकदम दाबली तर ती विंडोजकडेच जातात, ॲपला ती अडवता येत नाहीत. मग सर्वांत सोपा उपाय कोणता? कीबोर्ड आणि माउस कपाटात ठेवायचे!

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात, बरं का!

१) संगणक आपोआप झोपी जाणार नाही, अशी सोय करावी.

२) वीज जाऊन आली की संगणक आणि ॲप आपणहून सुरू व्हावेत.

३) इंटरनेट तुटले तर जुनाच नंबर दिसत राहतो. म्हणून ‘ही माहिती किती वाजताची’ हे पडद्यावर लिहिलेले असावे. बंद पडदा पाहून माणूस चौकशी तरी करतो. जुना नंबर पाहून मात्र गप्प बसून राहतो.

त्या मुलाचा मला फार राग आला होता. पण समोर बटणे असली की आपणही दाबतोच की! कुलूप चोरासाठी नाही, आजीसारख्यांचा नंबर चुकू नये म्हणून असते. आणि पालकांनो, पडदा कितीही चांगला असला तरी खिडकीवर एकदा तोंडी विचारून घ्यावे.

— इयत्ता सातवी