पाणपक्षी जरूर पाहा, पण गोळी चुकवू नका!

मागच्या हिवाळ्यातील गोष्ट. संध्याकाळची वेळ संपत आली असताना एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. वय ६६. गेली दोन वर्षे ते महिन्यातून दोनदा तरी येत. तक्रार ठरलेली. झोप लागत नाही, छातीत धडधडते, डोके जड राहते. ईसीजी, थायरॉईड, रक्तातील साखर अशा सर्व तपासण्या झालेल्या होत्या. रक्तदाब थोडा जास्त, त्याची एक गोळी रोज चालू. बाकी काही सापडत नव्हते. मी दर वेळी नाडी पाहायचो, झोपेची गोळी लिहून द्यायचो आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायचो.

त्या दिवशी बाहेर कोणी नव्हते, म्हणून सहज विचारले, "गुरुजी, दिवसभर करता काय?"

"काय करणार डॉक्टर? ही गेल्यापासून घर खायला उठतं. टीव्ही लावतो, कंटाळा आला की मोबाईल बघतो, मग पुन्हा टीव्ही."

त्यांच्या पत्नीला जाऊन दोन वर्षे झाली होती आणि तक्रारीही दोन वर्षांच्याच होत्या. हा साधा हिशेब माझ्या ध्यानात यायला एवढा काळ लागला, हे मला कबूल केले पाहिजे. मी म्हणालो, "गुरुजी, रविवारी सकाळी माझ्याबरोबर नांदूरमध्यमेश्वरला चला."

"महादेवाच्या दर्शनाला?"

"दर्शन घेऊच. पण आधी पक्षी पाहू."

घरची गंगा

आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर येथे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला. हेतू शेतीच्या पाण्याचा. पण वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरले, मधे बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पाणपक्ष्यांना आयते माहेर मिळाले. १९८६ साली हे अभयारण्य झाले. जानेवारी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून, म्हणजे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून, त्याचे नाव जाहीर झाले. लोक त्याला 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणतात. लांबून माणसे हे पाहायला येतात आणि आपण तालुक्यातली मंडळी मात्र तिकडे फिरकत नाही. पिकते तेथे विकत नाही, म्हणतात ते असे!

आम्ही चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोऱ्यावर बसलो. पहिली दहा मिनिटे गुरुजी चुळबुळ करीत होते. मग कमळाच्या पानांवरून लांब बोटे टाकीत चालणारा कमळपक्षी दिसला. पाणकावळा पंख पसरून उन्हात वाळत बसला होता. चमच्यासारख्या चोचीने पाणी गाळून खाणारी थापट्या बदके गोलगोल फिरत होती. आणि पाण्यावर शेकडो काळे पक्षी, प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा ठिपका.

"हे कोणते?"

"वारकरी."

गुरुजी थोडे हसले. "ही दर वर्षी वारीला जायची," म्हणाले आणि बराच वेळ दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही. मीही काही बोललो नाही. परत येताना गाडीत ते प्रथमच पत्नीबद्दल मोकळेपणाने बोलले.

शरीरात काय घडते?

आपल्या शरीरात नकळत काम करणाऱ्या मज्जासंस्थेचे दोन भाग आहेत. एक गाडीच्या ॲक्सिलरेटरसारखा, दुसरा ब्रेकसारखा. काळजी, घाई, भांडण, रात्रीचे जागरण यांत पहिला दाबलेलाच राहतो. नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो, झोप उडते. पक्षी पाहताना हालचाल केली तर पक्षी उडून जातो, म्हणून माणूस आपोआप स्थिर बसतो. श्वास संथ होतो, दुसरा भाग काम करू लागतो. 'मन शांत ठेवा' असे मी हजारो पेशंटना सांगितले असेल, पण ते ठेवायचे कसे हे सांगत नव्हतो. पाणपक्षी ते करवून घेतात.

डोळ्यांचाही फायदा आहे. मोबाईल पाहताना डोळ्यातील भिंगाला वाकवणारे स्नायू सतत आखडलेले असतात. दूरच्या पाण्याकडे पाहिले की ते सैल पडतात. लहान मुले रोज उघड्यावर, उजेडात खेळली तर त्यांना लांबचा चष्मा लागण्याचा धोका कमी होतो, हे आता अनेक पाहण्यांतून दिसले आहे.

निसर्गाच्या परिणामाबद्दल संशोधनही झाले आहे. अमेरिकेत पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांची तुलना १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. इंग्लंडमध्ये सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत (२०१९) आठवड्यातून किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. २०२२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांना असे आढळले, की पक्षी दिसल्यावर किंवा ऐकू आल्यावर मनाला वाटणारे बरे काही तास, आठ तासांपर्यंतही, टिकते. अर्थात यातील पाहण्या संबंध दाखवतात. पक्षी पाहिल्याने रोग बरा होतो, असे त्या म्हणत नाहीत.

आणि इथेच घोटाळा झाला

गुरुजी दर रविवारी जाऊ लागले. शेजारच्या दोन मुलांनाही नेऊ लागले. झोपेची गोळी मी हळूहळू कमी करत दीड महिन्यात बंद केली. मी खूश होतो. मार्च महिन्यात एका दुपारी त्यांना रिक्षातून आणले. डोके ठणकत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. रक्तदाब १९० वर ११०. विचारले तेव्हा कळले, की रक्तदाबाची गोळीही त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी परस्पर बंद केली होती.

"मला बरं वाटत होतं डॉक्टर. म्हटलं, आता पक्षीच आपलं औषध."

वेळेवर आले म्हणून निभावले. पक्षाघाताचा झटका आला असता, तर दोष त्यांचा निम्मा आणि माझा निम्मा झाला असता. कारण झोपेची गोळी कमी करताना 'रक्तदाबाची गोळी चालूच ठेवायची' हे मी त्यांना स्पष्ट बजावले नव्हते. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. बरे वाटणे आणि रक्तदाब ताब्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नदीकाठ औषधाचा सोबती आहे, औषधाची जागा तो घेऊ शकत नाही.

जाण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवा

१. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. थंडीत रक्तदाब वाढतो, दमा उसळतो. वृद्धांनी, हृदयरोग्यांनी सूर्य वर आल्यावरच निघावे. कान झाकावेत.

२. मधुमेहींनी उपाशीपोटी जाऊ नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज असावे.

३. गवतातून चालताना बूट घालावेत. साप चावल्यास कापणे, चोखणे, आवळून बांधणे नको. चावलेला भाग न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

४. पाण्यात उतरू नये. गाळाचा अंदाज येत नाही आणि पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा संसर्ग होऊ शकतो.

५. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये. बर्ड फ्लूचा धोका असतो. वन विभागाला कळवावे.

६. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. मुलांना आधीच बजावावे.

७. पक्ष्यांना फरसाण, पाव टाकू नये. मोबाईलवर गाणी लावू नयेत.

८. चालताना छातीत दुखले वा दम लागला तर तेथेच थांबून डॉक्टरांना गाठावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, जगणे नकोसे होत असेल, तर डॉक्टरांशी बोलावे किंवा १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करावा.

सर्वांनाच नांदूरमध्यमेश्वर जवळ नाही. पण गावचा पाझर तलाव, कालवा, ओढ्यावरचा बंधारा तर आहे? तिथेही खंड्या असतो, बगळे असतात. आठवड्यातून दोन तास काढा. शक्यतो घरातल्या एकट्या पडलेल्या माणसाला सोबत न्या.

गुरुजी परवाच तपासणीला आले होते. रक्तदाब १३० वर ८०. जाता जाता म्हणाले, "डॉक्टर, वारकरी परत आलेत. या रविवारी येताय ना?" आणि खिशातून गोळ्यांचे पाकीट काढून मला दाखवले.