श्टुटगार्टहून डेट्रॉईटला निघताना

नोकरीनिमित्त युरोपात गेलेल्या आणि तेथे आठ-दहा वर्षे स्थिरावलेल्या भारतीय कुटुंबापुढे अमेरिकेतील बदलीचा प्रस्ताव येतो, तेव्हा मनात बहुधा निर्धास्तपणा असतो. एकदा देश सोडून पाहिला आहे, दुसऱ्यांदा काय अवघड, असे वाटते. श्टुटगार्ट येथील मोटार उद्योगातून डेट्रॉईटला निघालेल्या एखाद्या अभियंत्याचे उदाहरण घ्यावे. प्रवास एका दिवसाचा असला, तरी तयारी चार महिने आधी सुरू व्हावी लागते. जर्मनीत भाड्याचे घर सोडण्याची सूचना सामान्यतः तीन महिने आधी, आणि तीही लेखी, द्यावी लागते हे त्याचे पहिले कारण.

व्हिसाचा प्रकार बहुधा कंपनीच ठरवते. परंतु कुटुंबाने तो समजून घ्यावा. त्याच उद्योगसमूहात मागील तीन वर्षांपैकी सलग एक वर्ष अमेरिकेबाहेर काम केलेल्या अधिकाऱ्यास किंवा विशेष ज्ञान असलेल्या कर्मचाऱ्यास ‘एल-१’ मिळू शकतो. ‘एच-१बी’साठी वार्षिक सोडत असते. शिवाय अमेरिकेबाहेरील व्यक्तींच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकणारा आदेश सप्टेंबर २०२५ मध्ये निघाला. महत्त्वाचा फरक जोडीदाराच्या बाबतीत आहे. ‘एल-१’धारकाच्या जोडीदारास नोव्हेंबर २०२१ पासून नोकरीसाठी वेगळा परवाना काढावा लागत नाही; ‘एच-१बी’धारकाच्या जोडीदारास मात्र काही अटी पूर्ण झाल्यासच तो मिळतो. घरात एक पगार येणार की दोन, हे या एका अक्षरावर ठरते. तेव्हा पगाराच्या आकड्याला होकार देण्यापूर्वी याची विचारणा झालेली बरी.

जर्मनी सोडताना नगरपालिका कार्यालयात वास्तव्य रद्द केल्याची नोंद करावी लागते. ही नोंद घर सोडण्याच्या एक आठवडा आधीपासून दोन आठवडे नंतरपर्यंत होते. तिचा दाखला लहानसा कागद असतो. पण विमा, दूरध्वनी, प्रसारण वर्गणी असे अनेक करार त्याच्याच आधारे संपवता येतात. जर्मन बँकेतील खाते मात्र घाईने बंद करू नये. घराची अनामत रक्कम, हीटिंग आणि पाण्याचा अंतिम हिशेब, प्राप्तिकराचा परतावा या रकमा सावकाश येतात. घरखर्चाच्या हिशेबासाठी तर घरमालकाला हिशेबवर्ष संपल्यानंतर बारा महिन्यांची मुदत असते.

खरा धक्का अमेरिकेत पोहोचल्यावर बसतो, आणि तो पतीचा असतो. जर्मनीत एकही हप्ता न चुकवलेल्या माणसाची अमेरिकेत पतनोंदच नसते. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तेथील संस्थांच्या दप्तरात युरोपातील व्यवहार उतरत नाहीत. ३०० ते ८५० या पट्टीवरील नेहमीचा फिको गुणांक तयार होण्यास किमान सहा महिन्यांचे व्यवहार लागतात. तोवर घरमालक, मोटारकर्ज देणारी संस्था, क्वचित वीज कंपनीदेखील ग्राहकाकडे साशंकतेने पाहते. पत ही माणसाच्या वर्तनात असते अशी आपली समजूत. तेथे ती दप्तरात असते.

यावरील उपाय युरोप सोडण्यापूर्वीच योजावेत. भाडे थकलेले नाही असे घरमालकाचे पत्र, मोटार विम्यावर दावा केला नसल्याचा दाखला आणि पगार नमूद केलेले नव्या नेमणुकीचे पत्र इंग्रजीत सोबत असावे. काही आंतरराष्ट्रीय कार्ड कंपन्या जुन्या ग्राहकाला नव्या देशात कार्ड देतात. असे कार्ड असल्यास ते रद्द न करता चौकशी करावी. नाहीतर ठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड घेऊन त्यावर अल्प खर्च करावा आणि देयक दरमहा वेळेवर फेडावे. पहिल्या दोन-तीन महिन्यांचा खर्च भागेल इतकी रोकड-शिल्लक मात्र हाताशी हवीच.

पत मागे राहते. खाती मात्र मागे राहत नाहीत. वास्तव्याच्या दिवसांच्या निकषावर अमेरिकेचा करनिवासी ठरलेल्या व्यक्तीच्या परदेशी खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात एका दिवसापुरतीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर त्या सर्व खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला स्वतंत्र विवरणपत्राद्वारे द्यावी लागते. जर्मनीतील बचत खाते आणि भारतातील अनिवासी खाते, दोन्ही त्यात येतात. विवरणपत्र न भरल्याचा दंड दहा हजार डॉलरच्या पुढे जाऊ शकतो. एनआरई ठेवीवरील व्याज भारतात करमुक्त असले तरी अमेरिकेत ते करपात्र उत्पन्न आहे, आणि भारतात कर भरलेला नसल्याने वजावटीला काही उरत नाही. एनआरओ खात्यावर कापलेल्या कराचे श्रेय मात्र मागता येते. भारतीय म्युच्युअल फंडांना अमेरिकी कायदा विशेष कठोर नियम लावतो. ते ठेवावेत की विकावेत, हे जर्मनी सोडण्यापूर्वी करसल्लागारास विचारावे. नंतर विचारणाऱ्यांची संख्या मोठी असते.

मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी शाळेत मागितल्या जातात. जर्मन पुस्तिकेतील ०३.०४ म्हणजे ३ एप्रिल. अमेरिकेत तो आकडा ४ मार्च असा वाचला जातो. भाषांतरात महिना अक्षरी लिहून घ्यावा. पुण्याहून नेलेला मिक्सर जर्मनीत २३० व्होल्टवर सुखाने चालला, अमेरिकेत १२० व्होल्टवर चालणार नाही. त्याला लागणारा जड ट्रान्सफॉर्मर पाहता तो शेजाऱ्यांना देऊन टाकणेच किफायतशीर.

विमानतळावरील प्रवेशानंतर ‘आय-९४’ ही नोंद संकेतस्थळावर तपासावी. नाव वा मुदत चुकली असेल तर दुरुस्ती लगेच करून घ्यावी. त्यानंतर सामाजिक सुरक्षा क्रमांकासाठी अर्ज करावा. त्यास शुल्क नाही. तो हाती आल्यावर भारतातील शाखेकडे नवा पत्ता आणि करनिवासाचे स्वयंघोषणापत्र पाठवावे. त्या पत्रात हा क्रमांक लिहावा लागतो, म्हणून हे एक काम तेवढे प्रवासानंतरचे.