झरणीचे अंतरंग

चांगल्या लेखनसाहित्याची आवड अनेकांना आयुष्यभर सोबत करते. सुबक पेन्सिल, काचेची दौत, जाड टीपकागद आणि या सर्वांहून अधिक म्हणजे शाईची झरणी यांविषयी वाटणारा जिव्हाळा वयोमानाने कमी होत नाही, उलट वाढतच जातो. कळफलकाच्या या काळात ही आवड म्हणजे केवळ गतकालाचा मोह होय, असे कोणी म्हणेल. परंतु असा निर्णय देण्यापूर्वी झरणी कशी चालते, हे समजून घेणे इष्ट ठरेल. ज्या साधनाचे अंतरंग आपणांस उमगते, त्याच्यावरील प्रेम सहसा निराधार नसते.

टाकाने लिहिणाऱ्यास दर काही शब्दांनंतर थांबून तो दौतीत बुडवावा लागे. शाईचा साठा लेखणीच्याच पोटात ठेवला, तर हा खंड टळेल, ही कल्पना सहज सुचण्याजोगी होती. अडचण होती ती निराळीच. बंद नळीच्या तळाशी मोठे छिद्र ठेवले, तर शाई ओघळून कागद खराब होतो. छिद्र लहान ठेवले, तर काही थेंबांनंतर प्रवाह थांबतो. कारण बाहेर पडलेल्या शाईची जागा घेण्यास हवा आत शिरली नाही, तर नळीतील दाब कमी होतो आणि बाहेरील हवेचा दाब शाईस रोखून धरतो. म्हणजेच शाई बाहेर आणि हवा आत, अशी देवघेव अखंड आणि मोजून-मापून चालली पाहिजे.

या प्रश्नावर अनेकांनी प्रयत्न केले. पेत्राके पोएनारू या रुमानियन विद्यार्थ्याने १८२७ मध्ये फ्रान्समध्ये अशा लेखणीचे पेटंट मिळविले. तथापि व्यवहारात टिकणारी झरणी प्रचारात आली ती शतकाच्या अखेरीस. न्यू यॉर्कच्या लुइस एडसन वॉटरमन यांनी १८८४ मध्ये पेटंट घेतलेल्या झरणीत निबच्या खाली बसणाऱ्या भागाला एक खाच होती आणि त्या खाचेच्या तळाशी अतिशय बारीक चिरा होत्या. आपण ज्याला झरणीची ‘जीभ’ म्हणतो, तो हाच भाग होय. बारीक चिरांतून शाई खाली येते आणि वरच्या मोकळ्या जागेतून हवेचे बुडबुडे आत जातात.

या चिरांचे कार्य केशाकर्षणाच्या तत्त्वावर चालते. समईची वात तेल वर ओढते आणि टीपकागद शाई शोषून घेतो, तेही याच तत्त्वाने. मार्ग जितका अरुंद, तितके हे आकर्षण प्रबळ असते. एक मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचेच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते. व्यास एक दशांश केला, तर ते सुमारे ३० सेंटिमीटर चढू शकते. निबच्या मधल्या चिरेत शाई अशीच धरून ठेवलेली असते. टोक कागदाला टेकताच कागदाचे तंतू तिला आपल्याकडे ओढून घेतात. म्हणून झरणीने लिहिताना जोर द्यावा लागत नाही; स्पर्श पुरेसा होतो. हातास ज्याचे सुख वाटते, त्याचे कारण हे असे पदार्थविज्ञानात आहे.

झरणीसाठी जे द्रव्य निवडले गेले, त्यालाही कारण होते. रबरात भरपूर गंधक मिसळून ते बराच वेळ तापविले असता एबोनाइट नावाचा काळा, कठीण पदार्थ बनतो. तो लेथवर उत्तम कातता येतो, शाईने झिजत नाही आणि उष्णता सावकाश वाहून नेतो. हा शेवटचा गुण महत्त्वाचा आहे. झरणी अर्धी रिकामी झाली की आत हवा साठते. हाताच्या उबेने ती प्रसरण पावून शाईस बाहेर ढकलते आणि कागदावर डाग पडतो. एबोनाइटच्या जाड भिंती ही ऊब काही काळ दूर ठेवतात. जिभेवरील बारीक पन्हाळ्याही अशा वेळी आलेली जादा शाई आपल्यात सामावून घेतात.

शाईचा प्रश्न याहून नाजूक आहे. आपल्याकडे पोथ्या आणि दप्तरे बोरूने लिहिली जात. त्यासाठी काजळी व डिंक यांची शाई वापरीत. ती शतकानुशतके टिकते. पण झरणीत भरल्यास काजळीचे कण आणि वाळलेला डिंक यांनी चिरा बुजून जातात. दुसरा प्रकार मायफळ किंवा हिरडा यांसारख्या तुरट द्रव्यांत हिराकस मिसळून होणाऱ्या शाईचा. ही शाई प्रथम फिकी असते. कागदावर हवेतील ऑक्सिजन लागल्यावर ती काळी व अविद्राव्य बनते. लिहिताना अक्षर दिसावे, म्हणून तीत निळा रंग घालीत. निळी-काळी शाई ती हीच. लोहाचे प्रमाण वाढले, तर गाळ साचतो आणि निब गंजते. म्हणून झरणीच्या शाईत ते अगदी अल्प ठेवावे लागते.

भारतात झरणीला आणखी एक अर्थ प्राप्त झाला. स्वदेशीच्या चळवळीत कापडाप्रमाणेच लेखणीचाही विचार होऊ लागला. आंध्रातील राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी एबोनाइटच्या झरण्या बनविण्यास आरंभ केला. त्यांनी दिलेली झरणी वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींकडे पोहोचली. १९३५ मध्ये गांधीजींनी रत्नम यांना पत्राने पोच दिली आणि परदेशी झरण्यांच्या ऐवजी ती चांगली चालेल, असा अभिप्राय कळविला. शाईच्या बाबतीतही असेच घडले. १९३४ मध्ये राजशाही येथे मैत्र बंधूंनी ‘सुलेखा’ शाईचा उद्योग सुरू केला व पुढे तो कलकत्त्यास वाढला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तो बंद पडला. मात्र २०२० मध्ये ही शाई पुन्हा बाजारात आली.

दरम्यान बॉलपेनने जग जिंकले होते. लास्लो बिरो यांनी १९३८ मध्ये पेटंट घेतलेल्या या लेखणीत दाट शाई व फिरती गोळी असते. ती स्वस्त आहे, गळत नाही आणि तिच्या योगाने लेखन कोट्यवधी लोकांच्या आवाक्यात आले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु तिला कागदावर दाबावे लागते आणि शाई संपली की बहुधा सबंध लेखणीच टाकून दिली जाते. झरणीचे तसे नाही. ती उघडता येते, साध्या पाण्याने धुता येते. निब झिजली तर निब बदलावी, जीभ तुटली तर जीभ बदलावी. वर्षानुवर्षांच्या वापराने तिचे टोक धरणाऱ्याच्या हाताप्रमाणे किंचित घासले जाते. म्हणूनच आपली झरणी दुसऱ्यास न देण्याचा वडीलधाऱ्यांचा दंडक अगदीच निष्कारण नव्हता.

राजमहेंद्रीस आजही एबोनाइटच्या कांबी लेथवर कातून झरण्या घडविल्या जातात. झाकणाचा आटा सफाईने फिरावा आणि जीभ निबला नेमकी बिलगावी, हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. ते एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाते. ते टिकणे कारागिरांइतकेच लिहिणाऱ्यांवरही अवलंबून आहे. गळणाऱ्या झरणीची जीभ बदलून घेणारा मनुष्य एक लेखणी वाचवितोच, पण ती दुरुस्त करू जाणणाऱ्या हातांना कामही पुरवितो.